त्या बाईनं वंगाळ काही म्हटलं नाही

पत्र

ताई, नमस्कार. मी कोरेगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. नोकरीला नऊ वर्षं झाली. अडचण ऐकायला बारीक वाटेल, पण गेले काही दिवस मनातून जात नाही म्हणून लिहिते. मागच्या महिन्यात तपासणीच्या दिवशी पन्नाशीच्या पुढची एक बाई आली. बाकीच्या बायका ‘खाली दुखतं’, ‘तिथं खाजतं’ असं म्हणतात. ही सरळ म्हणाली, ‘सिस्टर, नवरा झवतो तवा लई आग हुती.’ बाकावरच्या बायका फिसकन हसल्या, आशाताईंनी तोंडाला पदर लावला. माझे कान तापले. मी मान खाली घालून दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि म्हटलं, ‘मावशी, असं वंगाळ बोलू नये.’ ती गेली ती परत आली नाही.

योनी, संभोग असले शब्द वापरले तर बायका पोथी ऐकल्यासारखं तोंडाकडं बघतात. गावचे शब्द वापरावेत तर ते सगळे शिव्यांतले. हे शब्द आले कुठून? खरंच घाण आहेत का? आणि मी बोलू तरी कशात?

— एक सिस्टर

उत्तर

सिस्टर, नमस्कार.

आधी त्या शब्दाचंच बघू, कारण मनाला लागलाय तो तोच.

झवणे हा शब्द कुणा टवाळानं पारावर बसून काढलेला नाही. संस्कृतात ‘यभ्’ असा धातू आहे. पाणिनीच्या परंपरेतल्या धातुपाठात तो ‘यभ मैथुने’ असा सरळ नोंदवलाय. जाणे, खाणे, शिजवणे या अर्थांचे धातू जसे तिथं ओळीनं बसलेत, तसाच तोही बसलाय. मराठीत येताना सुरुवातीच्या ‘य’चा ‘ज’ झाला, जशी यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला. ‘भ’मधला हकार पुढं सरकून त्या ‘ज’ला चिकटला आणि ‘झ’ उभा राहिला. रशियन भाषेत याच कुळातलं क्रियापद आजही लोकांच्या तोंडी आहे, जुन्या ग्रीकमध्येही होतं. दात, नाव, दोन, तीन हे शब्द जितके म्हातारे, तितकाच हाही. मावशीनं तुमच्यासमोर जो शब्द उच्चारला, त्याला चार हजार वर्षांहून जास्त वय आहे.

तो लिहिलेलाही सापडतो, आणि कुठं, तर राजाच्या दगडावर. मुंबईत परळला शिलाहार राजा अपरादित्याचा बाराव्या शतकातला शिलालेख मिळाला. दान दिल्याचा मजकूर संस्कृतात आहे. शेवटी ताकीद आली की भाषा बदलते आणि मराठी सुरू होते, कारण ताकीद सगळ्यांना कळायला हवी. जो कोणी हे शासन, म्हणजे राजाची ही आज्ञा, मोडेल त्याच्या आईला ‘गाढवें झविजे’, असं तिथं कोरलंय. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी असल्या दगडांवर चित्रच काढत. गधेगाळ म्हणतात त्या दगडांना, महाराष्ट्रात गावोगाव देवळाबाहेर, शेताच्या बांधावर ते उभे दिसतात. मी एक जवळून पाहिलाय. वर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हे दान चालेल. खाली गाढव आणि त्याच्याखाली बाई. दगड इतका झिजलाय की गाढवाचे कान ओळखू येतात, बाईचा चेहरा मात्र पार पुसलाय. कुणीतरी त्याला शेंदूर लावला होता आणि पुढं दोन अगरबत्त्या खोचल्या होत्या.

त्या दगडापुढं उभी असताना मला जे लागलं ते शब्दानं नव्हे. जमीन बळकावणार पुरुष, दान मोडणार पुरुष, आणि शिक्षा त्याच्या आईला. आपल्याकडं आजही एसटी स्टँडवर दोन गडी भांडतात तेव्हा जी नावं घेतली जातात ती तिथं नसलेल्या दोन बायकांची असतात. ‘आयला’ हा तर आता उद्गार झालाय, शाळेतली पोरंसुद्धा पेन पडलं तरी म्हणतात, पण तो त्याच वाक्याचा उरलेला तुकडा आहे. तुम्ही विचारता शब्द घाण आहेत का. घाण असलीच तर ती इथं आहे, या वापरात. मावशीनं तो शब्द कुणाच्या आईला लावला नव्हता. स्वतःच्या दुखण्याचं वर्णन करायला वापरला होता.

आता तुमचे पोथीतले शब्द. तेही मुळात काही सोवळे नव्हते, रोजचेच होते. ‘लिंग’ म्हणजे खूण. धूर दिसला की विस्तव आहे हे कळतं, तेव्हा न्यायशास्त्रात धुराला विस्तवाचं लिंग म्हणतात. व्याकरणातलं पुल्लिंग, स्त्रीलिंग तिथलंच. ‘योनी’ म्हणजे जिथून काही उगम पावतं ती जागा, म्हणूनच चौऱ्याऐंशी लक्ष योनी म्हणताना कीर्तनकार अडखळत नाही आणि समोर बसलेली कुणी लाजत नाही. ‘मैथुन’ आला मिथुनावरून, म्हणजे जोडीवरून. राशीचक्रातली मिथुन रास तीच. लॅटिनमध्येही असंच चाललं. ‘पेनिस’ म्हणजे आधी शेपूट, ‘व्हजायना’ म्हणजे तलवारीची म्यान. डॉक्टरांच्या तोंडी हे शब्द इतके स्वच्छ वाटतात कारण शेपूट आणि म्यान आपल्याला त्यात दिसत नाहीत. शरीराला थेट नाव द्यायला माणूस सगळीकडं कचरत आला, म्हणून शेजारपाजारची वस्तू उसनी घेतली. गावात पुरुषाच्या अवयवाला जो शब्द शिवीत वापरतात, ‘लवडा’, तोही संस्कृत लगुड, म्हणजे काठी, सोटा, यापासून आलेला. नेपाळीत ‘लौरो’ म्हणजे आजही हातातली काठी. म्हातारा माणूस लौरो टेकत चालतो आणि कुणालाही काही वाटत नाही.

संस्कृत शिकवताना माझ्या वर्गात दर वर्षी एक प्रसंग यायचा. मदनाच्या पाच बाणांचा श्लोक आला, ‘अरविन्दमशोकं च चूतं च नवमल्लिका’, की मागच्या बाकावर खसखस पिकायची. ‘चूत’ म्हणजे आंबा, तिथं आंब्याचा मोहोर. त्या शिवीतला शब्द वेगळा, हा वेगळा, दोघांचा उच्चार तेवढा एक झालाय. सुरुवातीची काही वर्षं मी ती ओळ घाईनं उरकायची. मग एका वर्षी थांबले आणि फळ्यावर दोन्हींचा अर्थ सरळ सांगितला. हसू तिथंच संपलं. त्या दिवसापासून मी कुठलाही शब्द उरकला नाही. तुम्हाला हे सांगते ते एवढ्यासाठी की कान तापणं मला ठाऊक आहे, आणि ते कशानं उतरतं हेही.

पण सगळ्या शब्दांना मी सारखी माया लावणार नाही. ‘संभोग’ हा शब्द बघा. भोग म्हणजे उपभोग, त्याच ‘भुज्’ धातूवरून भोजन. त्याच्या पुढं ‘सम्’ लागलाय, सम् म्हणजे एकत्र, बरोबरीनं. दोघांनी मिळून भोगायचं सुख असा तो शब्द घडला. आपल्या ‘नांदणे’मध्येही असाच एक आनंद बसलाय, तो संस्कृत ‘नन्द्’पासून आला. पोरगी नांदायला गेली म्हणजे खरं तर ती सुखात राहायला गेली. आता बाजारातली क्रियापदं बघा. ठोकणे, मारणे, वाजवणे, घेणे. सगळ्यांत कर्ता एकच, आणि बाई कर्म. ‘झवणे’चं व्याकरणही गावात तसंच चालतं. नवरा झवतो, बायको झवून घेते. मावशीचं वाक्य पुन्हा एकदा वाचा, सिस्टर. ‘नवरा झवतो तवा.’ त्या वाक्यात ती कुठंय? आग होणारी तेवढी ती आहे. शब्द नीट ऐकला असता तर तिची अर्धी हकीकत त्याच्या व्याकरणातच होती.

बायकांना लावायच्या शब्दांकडं वळते. ‘रांड’ हा मूळचा विधवेचा शब्द. संस्कृत ‘रण्डा’. आपल्याकडं अजूनही ‘रंडकी झाली’ म्हणतात, ‘रांडाव’ म्हणतात, त्यात शिवी द्यायची नसते. नवरा मेलेली बाई आणि बाजारात बसलेली बाई यांना एकच शब्द पुरला, कारण दोघींच्या डोक्यावर पुरुष नव्हता आणि अशी बाई कुणाचीही, असं लोक धरून चालले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२मध्ये बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मला वाटलं, चला, हा शब्द मोडायलाही आता कुठून तरी सुरुवात झाली. ‘भाडखाऊ’तली ‘भाड’ म्हणजे वेश्येची कमाई, आणि आपण देतो ते घरभाडंही त्याच कुळातलं. ‘माल’ हा अरबी शब्द, अर्थ संपत्ती. ‘आयटम’ लॅटिनमधून आला, तिथं तो यादीतली पुढची नोंद सुरू करताना लिहीत, ‘तसेच’ या अर्थानं. रस्त्यानं चाललेल्या पोरीला पोरं जेव्हा हा शब्द टाकतात तेव्हा ती खरोखर यादीतली पुढची नोंद झालेली असते. जुन्या मराठीत ठेवलेल्या बाईला ‘अंगवस्त्र’ म्हणत. धोतर लागतंच, अंगवस्त्र खांद्यावर टाकलं तर शोभेला, काढलं तर खुंटीला.

सांगलीतल्या बायकांनी मात्र यातला एक शब्द उलटा पकडला. १९९६मध्ये तिथं धंद्यातल्या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली, तिचं नाव त्यांनी ठेवलं ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. ‘वेश’ म्हणजे मुळात घर, वस्ती, मग गणिकांची वस्ती. तिथं राहणारी ती वेश्या. झाकपाक करणारी नावं त्यांना मिळाली असती. त्यांनी आपल्याला मारायला वापरलेलाच शब्द पाटीवर लिहिला. तुम्ही सांगली-मिरजेकडं आरोग्याच्या प्रशिक्षणाला गेलात तर त्यांच्यातल्या कुणाशी जरूर बोला. एचआयव्हीच्या काळात कंडोमबद्दल, दुखण्याबद्दल न लाजता कसं बोलायचं हे त्यांच्याइतकं या भागात कुणी शिकलेलं नाही.

आणखी एका शब्दाशी तुमची गाठ पडते म्हणून लिहिते. ‘बलात्कार’ म्हणजे बळानं केलेलं कृत्य, कोणतंही. दिगंबर जैन मुनींच्या एका जुन्या परंपरेचं नावच ‘बलात्कार गण’ आहे, कारंजा आणि लातूरला तिची भट्टारक पीठं, म्हणजे धर्मगुरूंच्या गाद्या, होती. तेव्हा त्या शब्दाला आजचा अर्थ एवढा घट्ट चिकटलेला नव्हता. आज तो नेमका झालाय ते बरंच आहे. गावात मात्र तो कुणी उच्चारत नाही. ‘अब्रू गेली’ म्हणतात, पेपरात ‘अतिप्रसंग’ छापतात. ‘अतिप्रसंग’ हा मुळात तर्कशास्त्रातला शब्द आहे, नियम नको तिथवर ताणण्याचा दोष. आणि ‘आबरू’ फारसी आहे, आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा, चेहऱ्याचं पाणी. एखाद्या बाईवर कुणी जबरदस्ती केली तर पाणी तिच्या चेहऱ्याचं का उतरावं? तुमच्या नोंदवहीत असा प्रसंग लिहायची वेळ आली, तर कृपा करून ‘अब्रू’ लिहू नका. कुणी काय केलं ते लिहा.

दवाखान्यातले काही शब्द मला शिव्यांपेक्षा जास्त खुपतात, कारण ते सभ्य कपडे घालून येतात. ‘स्वप्नदोष’ घ्या. वयात आलेल्या पोराच्या शरीराचा साधा व्यवहार, त्याला दोष म्हटलं आणि ते पोर वर्षानुवर्षं स्वतःला रोगी समजत राहिलं. ‘वीर्य’ म्हणजे वीराचा गुण, पराक्रम; मग ते गेलं की पराक्रम गेला, अशी भीती शब्दातच पेरलेली. ‘धात जाते’ म्हणून अंगातला जोर संपला असं सांगत येणारी तरणी माणसं या देशात इतकी आहेत की मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्र विग यांनी १९६०मध्ये त्या त्रासाला धात सिंड्रोम असं नावच दिलं. आयुर्वेदातल्या सात धातूंपैकी शुक्र हा शेवटचा, रस, रक्त असं मजल दरमजल करत तयार होणारा, त्या कल्पनेतून ती भीती आली. तुमच्याकडचे पुरुष आरोग्यसेवक असतील त्यांना एवढं सांगा की समोरच्या पोराला आधी तो ‘दोष’ शब्द काढून टाकून बोला. आणि स्टँडच्या भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’ या पाट्या. रोगाचं नावच गुप्त ठेवलं की माणूस तो सांगणार कुणाला? गंमत अशी की नावं ठेवताना परक्यावर ढकलायची सवयही जुनी आहे. पोर्तुगीज आले आणि सिफिलिस आला, तर सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात त्याला ‘फिरंग’ रोग म्हटलंय. आपल्याकडं गरमी.

वांझ या शब्दावर फार लिहीत नाही. तो बाईला, गाईला आणि जमिनीला लागतो. पुरुषाला लागणारा तसा रोजचा शब्द मराठीत नाही, एवढं लक्षात ठेवा, आणि तपासणी दोघांची करायला सांगा.

आता ज्यासाठी तुम्ही लिहिलंत तिथं येते: बोलायचं कशात. तुमच्या बायकांकडं शब्द आहेत, सिस्टर. भरपूर आहेत आणि नेमके आहेत. ‘पाळी’ बघा. धोमच्या कालव्याचं पाणी सुटलं की तुमच्याच गावात म्हणतात, उद्या रात्री आमची पाळी. ठरल्या दिवसांनी येणारी आणि जाणारी वेळ. इतका साफ, इतका निर्मळ शब्द कुठल्या शास्त्रीय पुस्तकाला सुचला असता? शास्त्रानंच तो उचलला आणि मासिक पाळी केलं. त्याच्या शेजारी ‘विटाळ’ ठेवून बघा, फरक हाताला लागतो. ‘अंगावरून जाणं’, ‘धुपणी’ म्हणजे पांढरं जाणं, ‘दिवस जाणं’, ‘पोट पाडणं’. कॉपर-टीला ‘तांबी’ म्हणतात, तांबं आहे म्हणून तांबी, संपलं. सरकारनं १९६८मध्ये कंडोम आणला तेव्हा नाव ठेवलं ‘निरोध’, योगसूत्रातल्या ‘चित्तवृत्तिनिरोध’मधला निरोध, आणि लोकांनी त्याचं टोपी केलं. ‘ऑपरेशन झालं’ म्हटलं की कसलं ते कुणी विचारत नाही.

एका शब्दाबाबत मात्र सावध राहा. गर्भाशयाला बायका ‘पिशवी’ म्हणतात. समजायला सोपा आहे, मीही वापरते. पण पिशवी म्हटलं की ती रिकामी झाली, फाटली, की काढून टाकावी असंच मनात येतं. आपल्याकडं कारखान्यांवर बीडकडून ऊसतोडीला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या किती तरुणपणी काढल्या जातात याची २०१९मध्ये मोठी चर्चा झाली. कामाचा खाडा नको, दर महिन्याची कटकट नको, ही कारणं होतीच. पण ‘पिशवी काढून टाक’ हे वाक्य इतक्या सहज ओठांवर येतं, त्यात त्या शब्दाचाही वाटा आहे असं मला मनापासून वाटतं. म्हणून त्या बाबतीत बाईला दोन्ही शब्द सांगा. पिशवी म्हणा, आणि लगेच गर्भाशय म्हणा, आणि ते शरीरात काय काम करतं ते सांगा.

माझी थोरली आत्या पाटणकडची. सात बाळंतपणं घरातच. तिला एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं, नाव लिहीत नाही. तिथं तरणा डॉक्टर होता. आत्या म्हणाली, ‘माझं अंग भाईर येतंय.’ त्यानं तिचे हातपाय बघितले, अंगावर सूज नाही म्हणाला, ताकदीचं औषध लिहून दिलं. ‘अंग बाहेर येणं’ म्हणजे गर्भाशय खाली उतरणं हे आपल्याकडच्या कुठल्याही म्हातारीला ठाऊक असतं. त्या शिकलेल्या पोराला नव्हतं. आत्यानं जितकं नीट सांगायचं तितकं सांगितलं होतं. ती घरी आली आणि पुढची अकरा वर्षं फडक्याचा बोळा बसवून भांगलायला जात राहिली. बोळा कसा धुवायची, कुठं वाळत घालायची हे मला ती गेल्यावर कळलं, गोठ्यामागं, शेणी रचलेल्या होत्या त्याच्या आड एक दोरी बांधलेली होती. घरातल्या चार सुना, आम्ही दोघी भाच्या, कुणाला ती दोरी दिसली नव्हती.

तेव्हा तुमचं काम दुभाष्याचं आहे. बाई ‘अंग’ म्हणाली तर तुम्हीही अंग म्हणा, आणि चिठ्ठीवर डॉक्टरांसाठी वैद्यकीय नाव लिहा. ती ‘खाली’ म्हणाली तर विचारा, लघवीच्या जागी, पाळी येते त्या जागी, की मागं? तीन जागा आहेत हे कित्येक लग्न झालेल्या बायकांनाही कुणी सांगितलेलं नसतं. ‘योनी’ हा शब्द टाकून देऊ नका. आधी तिचा शब्द, मग तुमचा, असं दोन-चार वेळा झालं की तो तिचा होतो. पूर्वी गावात सिझर हा शब्द तरी कुणाला ठाऊक होता? तपासणीच्या दिवशी बाक दाराला लागून ठेवू नका, बाहेरच्यांना ऐकू जाणार नाही इतका लांब सरकवा. हसण्याचा प्रश्न निम्मा तिथंच सुटेल. आशाताईंना वेगळं बसवून हे सगळे शब्द सांगा, मोठ्यानं म्हणायला लावा. पहिल्या दिवशी त्या हसतील. हसू द्या.

सरपंचांच्या घरून किंवा कुठून तक्रार आली, सिस्टर वंगाळ बोलतात म्हणून, तर घाबरू नका. या वाटेनं आपल्या आधी माणसं गेलीत. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं आणि मराठीतून या विषयावर स्पष्ट लिहिलं. १९३४मध्ये त्यांच्यावर खटला झाला, तोही वाचकांच्या पत्रांना दिलेल्या उत्तरांवरून. म्हणजे तुम्ही लिहिलंत तसल्या पत्रांना, मी लिहितेय तसल्या उत्तरांवरून. त्यांची बाजू कोर्टात मांडली बाबासाहेब आंबेडकरांनी, आपल्या साताऱ्याच्या शाळेत १९०० साली ज्यांचं नाव दाखल झालं त्यांनी. खटला हरले, दंड भरला, मासिक चालू राहिलं.

एक वही करा. बाई जो शब्द बोलेल तो तसाच, तिच्याच तोंडच्या रूपात लिहून ठेवा, बाईचं नाव न लिहिता. माणदेशातली बाई वेगळं बोलेल, कोयनेकडची वेगळं. इथं वाईला विश्वकोशाचं काम वर्षानुवर्षं चाललंय, शेकडो विषयांवर मराठीत नोंदी झाल्या, पण तुमच्या बाकावर बसणाऱ्या बायकांचे शब्द तुमच्याशिवाय कुणाच्या कानावर पडणार नाहीत. बदली होऊन नवी सिस्टर आली की तिला पहिल्याच दिवशी ती वही द्या.

राहिली मावशी. तुम्ही वाट बघत बसलात तर ती येणार नाही, तुम्हालाच जावं लागेल. लसीकरणाच्या फेरीला त्या आळीत गेलात की तिच्या घरी पाणी प्यायला टेका. सुना पोरं आसपास नसतील असं बघा. आधी म्हणा, मावशी, त्या दिवशी चुकलं माझं, तुम्ही बरोबर सांगत होता. मग तिच्याच शब्दात विचारा: नवरा झवतो तेव्हा आग होते ती आत होते की तोंडाशी? नंतर रक्त दिसतं का? पांढरं जातं का, वास येतो का? पाळी जाऊन किती दिवस झाले? शुगर कधी तपासली होती का? रक्त दिसतं म्हणाली तर तिला एकटी पाठवू नका, स्वतः बरोबर घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या. आणि हे सगळं विचारून झाल्यावर आणखी एक विचारा, घाई न करता: तुम्हाला नको असतं तेव्हाही होतं का? त्यानंतर तुम्ही काही बोलू नका. ती बोलेल.